‘माझी मुलगी पाप घेऊन जन्माला आलीय का?’

प्रश्न : ताई, मी नाशिकची, हिंदू. नवरा वसईचा, कॅथलिक. लग्न चर्चमध्ये झालं. मी धर्म बदलला नाही आणि कुणी बदल म्हणालंही नाही. दोन वर्षांपूर्वी आमचं पहिलं बाळ, मुलगा, सातव्या महिन्यात जन्मला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे काचेच्या पेटीतच गेला. आता तीन महिन्यांची मुलगी आहे. सासूबाई वाईट नाहीत, माझं बाळंतपण त्यांनीच केलं. पण मुलीचा बाप्तिस्मा उरकून घ्या म्हणून त्या मागे लागल्या आहेत. मी म्हटलं, थोडं थांबू या. तर म्हणाल्या, ‘लेकरू पाप घेऊनच येतं गं. पहिल्याच्या वेळी मला आत सोडलं असतं, तर मीच पाणी घातलं असतं. आता कुठे असेल तो?’ तेव्हापासून मला झोप नाही. आईला फोन केला, तर ती म्हणते, मुलगी आश्लेषावर जन्मलीय, शांत केली नाहीस म्हणून ही कटकट. आणि पहिलं गेलं ते पूर्वजन्मीचं काहीतरी असणार. नवरा दोघींच्या मध्ये गप्प. माझी मुलगी खरंच पापी आहे का? आणि माझा मुलगा कुठे आहे?
— नाव छापू नका, वसई

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेते, झोप त्यानेच उडवलीय.

सासूबाई लहानपणी जे शिकल्या असतील त्यात ‘लिम्बो’ नावाची एक जागा होती. बाप्तिस्म्याआधी गेलेली बाळं तिथे जातात, त्यांना यातना नसतात, पण देवाचं दर्शनही होत नाही, असं कित्येक शतकं शिकवलं गेलं. मध्ययुगातल्या धर्मपंडितांनी ही जागा कल्पिली ती खरं म्हणजे दयेपोटीच. कारण त्यांच्या आधी संत ऑगस्टीन (354–430) हा बिशप याहून कडक बोलून गेला होता. अशी बाळं नरकातच जातात, फक्त त्यांची शिक्षा सगळ्यांत सौम्य, असं त्याचं म्हणणं. कुणाला तरी ते सहन झालं नाही, म्हणून मधली जागा निघाली.

पण लिम्बो हा चर्चचा बंधनकारक सिद्धांत कधीच नव्हता. 1992 च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात तर त्याचं नावच घेतलेलं नाही. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांना चर्च देवाच्या दयेवर सोपवतं, एवढंच तिथे म्हटलंय, आणि सोबत येशूचं ते वाक्य दिलंय, की बालकांना माझ्याकडे येऊ द्या, त्यांना अडवू नका. पुढे 2007 साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या संमतीने व्हॅटिकनच्या धर्मपंडितांच्या आयोगाने याच एका प्रश्नावर लांबलचक निवेदन काढलं. लिम्बोच्या कल्पनेने देवाचं तारण फार आखूड होतं, आणि ही बाळं देवाजवळ पोचतात अशी आशा धरायला भक्कम कारणं आहेत, हा त्यांचा निष्कर्ष. खात्रीने सांगता येत नाही, आशा आहे, असं ते स्वच्छ लिहितात. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. तुझ्या मुलाचा पत्ता माझ्याकडे नाही, कुणाकडेच नाही. पण ज्या धर्माच्या नावाने तुला धास्ती बसली, त्या धर्माने त्याच्यापुढे दार लावून घेतलेलं नाही.

आता सासूबाईंचं वाक्य पुन्हा वाच. ‘मला आत सोडलं असतं, तर मीच पाणी घातलं असतं.’ कॅथलिकांमध्ये नियम आहे की जीव धोक्यात असेल तर बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतं. फादर हवेतच असं नाही. नर्स देऊ शकते, आयाबाई देऊ शकते, हेतू बरोबर असेल तर तुझ्यासारखी हिंदूसुद्धा. डोक्यावर पाणी ओतायचं आणि पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने एक वाक्य म्हणायचं, संपलं. सासूबाईंना हे त्या रात्री माहीत होतं. त्या बंद दाराबाहेर बाकावर बसून होत्या, आणि एखाद्या नर्सला हाक मारून ‘बाई, एवढं करा’ म्हणायचं त्यांना सुचलं नाही किंवा धीर झाला नाही. दोन वर्षं ही बाई मनात तेच घोळवत असणार. ‘आता कुठे असेल तो’ हे तिने तुला टोचून विचारलेलं नाही गं. ती विचारतेय आणि तिला उत्तर देणारं कुणी नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की हा प्रश्न तुझ्यापेक्षा सासूबाईंचा आहे, आणि तो सुटला तर बाप्तिस्म्याची घाई निम्मी आपोआप उतरेल. उत्तर मात्र तू देऊन चालायचं नाही. मी इथे लिहिलेलं वाचून दाखवलंस तर ‘पेपरवालीला काय कळतंय’ म्हणतील, आणि बरोबरच म्हणतील. त्यांच्या चर्चच्या फादरांना घरी बोलवा. मुलीसाठी नाही, गेलेल्या मुलासाठी. लिम्बोबद्दल चर्च आज काय म्हणतं ते त्यांनी सासूबाईंसमोर बसून, तुमच्या घरच्या बोलीत सांगावं आणि त्या बाळासाठी प्रार्थना करावी. बाप्तिस्मा द्यायचा आईवडिलांचा विचार असताना बाळ आधीच गेलं, तर धर्मप्रांताच्या बिशपांच्या परवानगीने त्याचा चर्चमध्ये अंत्यविधीही होऊ शकतो, इतपत सोय त्यांच्या 1983 च्या कायद्यात आहे. बाळाच्या नावाने मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सांगता येईल का, तेही विचारा. पहिल्या बाळाचं नाव ठेवलं होतंत का? नसेल, तर त्यावरही घरात बोला.

आता मुलगी. ख्रिस्ती शिकवणीतलं मूळ पाप म्हणजे बाळाने काही केलं असं नव्हे. 1992 च्या त्याच धर्मशिक्षणग्रंथात म्हटलंय, की हे पाप वाट्याला आलेलं असतं, केलेलं नसतं. ती एक अवस्था आहे, कृत्य नाही, आणि आदामाच्या, म्हणजे देवाची आज्ञा मोडणाऱ्या बायबलातल्या पहिल्या माणसाच्या, कुठल्याही वंशजाच्या अंगावर तो वैयक्तिक दोष म्हणून नाही. आजोबांनी सावकाराकडे गहाण टाकलेली जमीन असते ना, तिच्यावर जन्मलेल्या नातवाने काही चूक केलेली नसते, तरी तो जन्मतो कर्जातल्या घरात, तसं काहीसं. पटो न पटो, पण ‘तुझी मुलगी पापी’ याहून ही गोष्ट पुष्कळ वेगळी आहे.

ऑगस्टीनला मात्र खुद्द तान्ह्या बाळातही खोट दिसायची. त्याने लिहून ठेवलंय, की मी एक बाळ पाहिलं, त्याला अजून बोलता येत नव्हतं, पण आपल्या दूधभावाला अंगावर पाजताना बघून ते पांढरंफटक पडायचं आणि खुनशी नजरेने बघायचं. जुळी वाढवलेल्या कुठल्याही बाईला विचार, ती ‘हो, असं करतात’ म्हणेल आणि दुसऱ्याला घेईल. बिशपाला त्यात मानवजातीचं पतन दिसलं, आईला भूक दिसते. त्याच्याच काळात पेलाजिअस नावाचा ब्रिटनकडचा एक साधू आदामाची चूक आदामापुरती, बाळ कोरं जन्मतं, असं शिकवत होता. 418 साली कार्थेजच्या धर्मसभेने त्याचं मत बाद ठरवलं आणि पाश्चात्त्य चर्च ऑगस्टीनच्या बाजूने गेलं. पूर्वेकडचे ऑर्थोडॉक्स तितके गेले नाहीत. आदामाकडून मरण आणि दुबळेपणा आपल्याकडे आला, अपराध नाही, असं ते मानतात. मला विचारशील तर मी या वादात पेलाजिअसच्या बाकावर बसेन.

आता जरा तुझ्या आईकडे वळू, कारण पत्रात तू सासूबाईंवर चार ओळी लिहिल्यास आणि आईवर दोन, पण मला आईचं बोलणं जास्त लागलं.

पाप घेऊन जन्मायची कल्पना आपल्याकडे नाही, असं आपण ऐटीत सांगतो. विवेकानंदांनी 1893 साली शिकागोत श्रोत्यांना अमृताची लेकरं म्हटलं आणि माणसाला पापी म्हणणं हेच पाप आहे असं ठणकावलं, ते खरंच. पण पूजा आटोपल्यावर प्रदक्षिणा घालताना आपण काय पुटपुटतो? ‘पापोऽहं पापकर्माहं पापात्मा पापसंभवः’. मी पाप, माझं कर्म पाप, माझा आत्मा पापी, माझा जन्मच पापातून. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात तर जातकर्मासारखे संस्कार कशाला करायचे, तर बीजातून आणि गर्भातून आलेलं पाप धुऊन निघावं म्हणून, असं सरळ सांगितलंय. म्हणजे तुझ्या सासूबाई पाणी मागतायत आणि आई शांत मागतेय, दोघींना धुवायचं एकच. फक्त आपल्याकडे आदाम नाही, मागचा जन्म आहे. आदामावर ढकललं की निदान सगळी माणसं एका रांगेत येतात. मागच्या जन्मावर ढकललं की बोट नेमकं त्या एका बाळाकडे आणि त्याच्या आईकडे वळतं.

तुझ्या आईला महाभारत आवडत असेल, तर अणिमांडव्याची गोष्ट आठवून दे. मांडव्य ऋषी मौन धरून तप करत होते. चोर त्यांच्या आश्रमात लपले. राजाच्या शिपायांनी मुद्देमालासह ऋषींनाही धरलं आणि सुळावर दिलं. ते मेले नाहीत. राजाला चूक कळली, त्याने पाय धरले, पण सूळ निघेना, म्हणून तो बाहेरून कापला आणि आतला तुकडा घेऊनच ऋषी हिंडू लागले. शेवटी ते यमधर्माच्या दारात गेले आणि म्हणाले, मी असं काय केलं होतं ते सांग. धर्म म्हणाला, लहानपणी तू किड्यांच्या शेपटीत काडी खुपसली होतीस, त्याचं हे फळ. आता ऋषींनी काय करावं? प्रारब्ध म्हणून मान खाली घातली नाही. ते धर्मावरच उखडले. एवढ्याशा अपराधाला एवढी शिक्षा देतोस? जा, शूद्राच्या पोटी जन्म घेशील. आणि तिथेच त्यांनी मर्यादा घालून दिली, की इथून पुढे चौदा वर्षं होईपर्यंत कुणाला पाप लागणार नाही. त्या शापाने धर्म विदुर होऊन जन्मला. कर्माचा हिशेब ठेवणाऱ्यालाच हिशेब विचारणारी ही गोष्ट आपल्याच घरातली आहे, आणि तुझं पहिलं बाळ चौदा वर्षं सोड, दोन दिवसही पुरतं जगलं नाही.

आईला बायबलातलं शुभवर्तमान वाचून दाखवायची गरज नाही, पण तुला म्हणून सांगते. योहानाच्या नवव्या अध्यायात एक जन्मांध माणूस दिसतो आणि शिष्य येशूला विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? आश्लेषावाल्या आजीचाच प्रश्न. येशू म्हणतो, याचंही नाही आणि आईबापांचंही नाही.

बाकीच्यांचं थोडक्यात. मुसलमानांत प्रत्येक मूल निर्मळ मूळ स्वभावावर जन्मतं असं मानतात, आदमची चूक अल्लाने माफ केली आणि कुणी कुणाचं ओझं वाहत नाही. यहुदी लोक, म्हणजे आपल्या अलिबाग-पेणकडचे मराठी बोलणारे बेने इस्राएलही त्यांतलेच, सकाळच्या प्रार्थनेत ‘देवा, तू मला दिलेला आत्मा शुद्ध आहे’ असं म्हणतात.

आता व्यवहाराचं, आणि इथे तुला थोडं टोचेल. चर्चमध्ये लग्न करताना तुझ्या नवऱ्याने एक वचन दिलेलं असणार, की मुलांना कॅथलिक म्हणून बाप्तिस्मा मिळावा आणि तसं वाढवावं यासाठी माझ्या हातात आहे ते सगळं करीन. हे वचन त्याचं आहे, तुझं नाही. पण ते त्याने दिलंय हे तुला सांगणं चर्चला बंधनकारक असतं, तेव्हा तुलाही ते माहीत असायला हवं. लग्नाच्या धामधुमीत सही झाली आणि विसरली गेली, असं पुष्कळ घरांत होतं. तो कागद काढा आणि दोघं बसून बोला. बाप्तिस्म्याला आईवडिलांपैकी निदान एकाची संमती लागते आणि मूल त्या धर्मात वाढेल अशी रास्त आशा लागते. म्हणजे नवऱ्याने एकट्याने हो म्हटलं तरी फादर नाही म्हणणार नाहीत. आजीने एकटीने म्हणून मात्र भागत नाही. धडधाकट बाळाला आजीने मोरीत नेऊन गुपचूप पाणी घालायचं, हे त्यांच्या नियमात बसत नाही. ही भीती तुझ्या मनात असेल तर नवऱ्याने तसं आईला स्पष्ट सांगून ठेवावं.

तेव्हा त्याचं गप्प बसणं आता पुरे झालं. दोन्ही आज्या तुझ्याशी भांडतायत आणि ज्याने वचन दिलं तो मोबाइल बघत बसलाय, हे बरं नाही. थांबायचं तर किती थांबायचं आणि कशासाठी, हे त्याला विचार आणि स्वतःलाही विचार. तुला बाप्तिस्माच नको असेल, तर ‘थोडं थांबू’ म्हणून सासूबाईंना झुलवू नकोस, सरळ नको म्हण. आणि हवा असेल, फक्त ‘पाप धुवायला’ या कारणाने नको असेल, तर तसं म्हण. कॅथलिकांच्या दृष्टीने त्या पाण्याने मूल त्यांच्या माणसांत येतं, हाही त्याचा मोठा अर्थ आहे, आणि त्या अर्थाने तू मान डोलावू शकशील असं मला पत्रावरून वाटतं. चुकत असेन तर सोडून दे.

आश्लेषाची शांत आईला तिच्या खर्चाने, तिच्या घरी करायची असेल तर करू दे, एक दिवसाचं काम आहे. एकीचं केलं म्हणून दुसरीचं, असा सौदा मात्र करू नकोस. ‘पूर्वजन्मीचं’ हा शब्द पुन्हा निघाला तर त्याच क्षणी सांग, आई, हे माझ्यासमोर बोलायचं नाही. आवाज चढला तरी चालेल. ती चार दिवस फोन करणार नाही, मग करेल.

फादरांकडे नवऱ्यालाच पाठव, या रविवारी मिस्सा झाल्यावर. आणि ते घरी येतील तेव्हा तू आत चहा करत बसू नकोस, चहा तो करेल.