मुलगी म्हणते, रुग्णांसाठी प्रश्नावल्या तयार करायच्या आहेत

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपण एका टॉवेल कारखान्यात हिशेबाचे काम पाहता, पूर्व भागात राहता, घरी तेलुगू बोलता आणि आपली मुलगी सोलापुरातच मानसशास्त्र घेऊन बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, असे आपण लिहिले आहे. समुपदेशक होण्याऐवजी, मानसोपचार घेणारे रुग्ण स्वतः भरतात त्या प्रश्नावल्या तयार करण्याचे काम करायचे आहे, असे तिने घरी सांगितल्यापासून आपण काळजीत आहात. ‘दहा-वीस प्रश्न लिहायला पाच-सहा वर्षे कशाला शिकायचे आणि त्यावर पोट कसे भरणार’ हे आपले दोन प्रश्न आहेत. शिवाय दहावीनंतर गणित सुटलेल्या मुलीला संख्याशास्त्र झेपेल का, ही तिसरी शंका आहे. यातल्या पहिल्या प्रश्नाला मी सर्वांत जास्त जागा देणार आहे, कारण तो सुटला तर उरलेल्या दोन्हींकडे आपण वेगळ्या नजरेने पाहाल.

साखर किंवा थायरॉईड रक्तातून कळते, तसे नैराश्य कळत नाही. रुग्ण काय सांगतो हाच तिथला मुख्य पुरावा असतो, आणि तो पुरावा नीट, दर वेळी एकाच पद्धतीने नोंदवता यावा म्हणून या प्रश्नावल्या असतात. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ आरन बेक यांनी १९६१ मध्ये नैराश्याची २१ बाबींची प्रश्नावली प्रसिद्ध केली, तिचा आधार रुग्णांच्या तोंडून येणाऱ्या तक्रारींचाच होता. आज खूप ठिकाणी वापरली जाणारी नैराश्याची प्रश्नावली पीएचक्यू-९ ही २००१ ची. तिच्यात गेल्या दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न असतात, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. आणि बेरीज १० किंवा त्याहून जास्त आली की रुग्णाची सविस्तर तपासणी करावी, असा सर्वसाधारण संकेत आहे.

हा दहाचा आकडा कुठून आला, हे आपल्यासारख्या हिशेबनिसाला मी सहज समजावू शकेन. मूळ अभ्यासात या रेघेवर तीव्र नैराश्य असलेल्या दर १०० जणांपैकी ८८ जण सापडले आणि ते नसलेल्या दर १०० पैकी ८८ जण बरोबर वगळले गेले. आता समजा, वस्तीतल्या १,००० माणसांनी ही प्रश्नावली भरली आणि त्यांतल्या १०० जणांना खरोखर आजार आहे. त्यांतले ८८ सापडतील. पण उरलेल्या ९०० पैकी १०८ जणही विनाकारण रेघेच्या वर येतील. म्हणजे वर आलेल्या १९६ मध्ये खरे आजारी निम्म्याहून कमी. तीच प्रश्नावली मनोविकारांच्या अशा दवाखान्यात दिली, जिथे १,००० पैकी ५०० जणांना आजार आहे, आणि तिची अचूकता तितकीच राहिली असे धरले, तर वर आलेल्या ५०० पैकी ४४० जण खरे आजारी निघतील. कागद एकच, रेघही एकच, पण वर आलेल्या माणसाविषयी काय म्हणता येईल ते मात्र जागेनुसार बदलले. म्हणूनच अशी प्रश्नावली ही चाळणी असते, निदान नसते. आणि रेघ कुठे ओढायची, चुकून सुटलेला रुग्ण जास्त महाग की विनाकारण घाबरलेला माणूस, हे ठरवायला शिक्षण लागते.

आणि हा सगळा हिशेब खरा ठरतो तो प्रश्न नीट समजले गेले तरच. काही वर्षांपूर्वी एका दवाखान्याच्या समुपदेशन कक्षासाठी मराठीत केलेल्या प्रश्नावलीचे काम मी जवळून पाहिले. ‘रात्री झोप लागत नाही’ असे विधान होते आणि समोर ‘अजिबात नाही’, ‘कधी कधी’, ‘बऱ्याच वेळा’, ‘जवळजवळ रोज’ असे चार पर्याय. एक काकू आठवडाभर जाग्याच होत्या, हे त्यांचा मुलगा शेजारीच सांगत होता; त्यांनी खूण केली होती ‘अजिबात नाही’वर. विचारल्यावर म्हणाल्या, “बरोबरच आहे की, झोप अजिबात नाही.” मराठीत नकाराला नकार जोडला की अर्थ उलटेलच असे नाही, तो उलट पक्काही होतो. ज्या बाईला तीन गुण मिळायला हवे होते, तिला शून्य मिळाला होता. दुसऱ्या दिवशी ते विधान ‘रात्री झोपेचा त्रास होतो’ असे बदलले गेले, पण तोवर भरून झालेल्या कागदांचे काय, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते.

आपल्या शहरातलाच आणखी एक नमुना घ्या. ‘काम करण्यात रस वाटत नाही’ हा प्रश्न विडी वळणाऱ्या बाईला विचारून पाहा. तिची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते; मन असो वा नसो, हात चालतातच. ‘रोज काम करते की मी’ असे ती म्हणेल आणि प्रश्न रस मोजण्याऐवजी गरज मोजून मोकळा होईल. तिचे मन उतरले आहे हे कदाचित कामातून कळणारच नाही. सणाला शेजारणीकडे जायचे टाळले, नातवंडाशी बोलणे कमी झाले, यातून कळेल. ते शोधायला तिच्याशी बोलावे लागते, प्रत्येक प्रश्नावर ‘यातून तुम्हाला काय समजले, तुमच्या शब्दांत सांगा’ असे विचारावे लागते. इंग्रजीतून मराठीत आणि पुन्हा मराठीतून इंग्रजीत भाषांतर करून जुळवून पाहण्याची रीत चांगली आहे, पण दोन्ही भाषांतरकार शिकलेले असतात. कागद जुळतो आणि काकूंना तो समजलेला नसतो. आपण पत्रात विचारले आहे की मोबाईलवरचा एआय हे प्रश्न मिनिटभरात लिहून देतो, मग माणूस कशाला. देईल, आणि मसुद्यासाठी मदतही होईल. पण या काकूंच्या शेजारी बसून हे ऐकणे त्याला जमणार नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एकाच रस्त्यावर ऐकू येतात अशा शहरात वाढणे ही आपल्या मुलीची या क्षेत्रातली सर्वांत मोठी शिदोरी आहे. ती दोन भाषांतून विचार करत मोठी झाली. पुस्तकातून हे मिळवायला इतरांना वर्षे लागतात.

आता संख्याशास्त्र. इथे लागणारे गणित म्हणजे सरासरी, सहसंबंध, शक्यता, आणि पुढे घटक-विश्लेषण, म्हणजे कोणते प्रश्न एका गटात बसतात ते शोधणे. आकडेमोड संगणक करतो, अर्थ तिला लावायचा असतो. एकाच गोष्टीविषयीचे प्रश्न एकमेकांशी किती सुसंगत आहेत हे पाहणारा क्रॉनबाखचा अल्फा १९५१ पासून वापरात आहे, आणि एकच विधान शब्द बदलून पाच वेळा विचारले तरी तो छान येतो, हे ज्याला कळते तोच त्याचा नीट वापर करतो. वर मी केलेला हिशेब तिला समजला, तर तिला हा विषय जमेल. ‘आर’ हे संख्याशास्त्राचे मोफत मिळणारे सॉफ्टवेअर ती घरच्या साध्या लॅपटॉपवर आजपासून शिकू शकते.

पोटापाण्याविषयी मी काही लपवणार नाही. ‘प्रश्नावली तयार करणारा हवा’ अशी जाहिरात फारशी निघत नाही. हे काम बहुधा संशोधन प्रकल्पांत, मनोविकार विभागांत, स्वयंसेवी संस्थांत, चाचण्या प्रकाशित करणाऱ्या कंपन्यांत आणि अलीकडे मानसिक आरोग्याच्या ॲपवर काम करणाऱ्या कंपन्यांत मिळते. सोलापुरात ते थोडे, पुणे-मुंबई-बंगळुरूत जास्त. एम. ए. किंवा एम. एस्सी. करताना मानसमापन, म्हणजे मनाच्या गोष्टी मोजण्याचे शास्त्र, आणि संशोधनपद्धती चांगल्या शिकवणारा विभाग निवडावा. त्यानंतर संशोधन सहायक म्हणून दोनेक वर्षे आणि जमल्यास पीएच. डी. सुरुवातीचे उत्पन्न बेताचे असेल, याची मनाची तयारी घरातल्या सर्वांनी ठेवावी. मात्र पुढे रुग्णांवर स्वतः उपचार करायची इच्छा झाली, तर केवळ एम. ए. पुरत नाही: क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते. मोजमापाचे शिक्षण तिथेही वाया जात नाही.

एक गोष्ट तिला आपण स्वतः सांगावी. पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. असा प्रश्न छापणाऱ्याने, होकार आला तर त्याच दिवशी तो कोण पाहणार आणि त्या माणसाशी कोण बोलणार, हे आधी ठरवलेले असले पाहिजे. व्यवस्था नसताना हा प्रश्न विचारणे मला अन्यायाचे वाटते. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची १४४१६ क्रमांकाची मोफत फोनसेवा २०२२ पासून आहे. तो क्रमांक कागदाच्या तळाशी असावा, पण तेवढ्याने जबाबदारी संपत नाही.

त्यामुळे सराव म्हणून तिने शेजारीपाजारी नैराश्याचे प्रश्न घेऊन फिरू नये. त्याऐवजी ‘दिवसभराचा थकवा’ असा साधा विषय घ्यावा, महाविद्यालयातल्या बाईंना किंवा सरांना विचारून त्यावर आठ प्रश्न मराठीत आणि तेलुगूत लिहावेत, आणि दोन्ही भाषांतल्या पाच-पाच माणसांसमोर बसून प्रत्येक प्रश्नाचा अर्थ त्यांच्याच तोंडून लिहून घ्यावा. मधे बोलायचे नाही, सुचवायचे नाही. ती वही दिवाळीनंतर मला पाठवावी. आठांपैकी किती प्रश्न तिने स्वतःहून खोडले, हे मी आधी पाहीन.

आपला,
करिअर मार्गदर्शक