सिम्युलेशनमधला ट्रान्झिस्टर जळत का नाही?

प्रश्न : १२ व्होल्टची छोटी मोटर बीसी५४७ने चालवली. सिम्युलेशनमध्ये ४०० मिलिअँपिअर सुरळीत वाहत होते, पण प्रत्यक्षात ट्रान्झिस्टर काही सेकंदांत गेला. मॉडेल चुकीचं आहे का?

मॉडेल बरोबर आहे, पण त्यात मर्यादा लिहिलेल्या नसतात. स्पाइसचं (सर्किट संगणकावर चालवून पाहणाऱ्या प्रोग्रॅमचं) नेहमीचं मॉडेल म्हणजे व्होल्टेज आणि करंट यांचं नातं सांगणारी समीकरणं. बीसी५४७ला १०० मिलिअँपिअरच झेपतात, हे त्या समीकरणांना ठाऊक नसतं. काही मॉडेलांच्या ओळीत कमाल करंट आणि व्होल्टेज दिलेले असतात. एलटीस्पाइस हा स्पाइसचाच एक प्रकार ते भाग निवडताना यादीत दाखवतं, गणितात धरत नाही. शिवाय तुम्ही बदललं नाही तर सगळं सर्किट सुरुवातीपासून शेवटपर्यंत २७ अंशांवरच राहतं.

बेस करंट अपुरा पडून कलेक्टर-एमिटरमध्ये ३ व्होल्ट उरले, तर ४०० मिलिअँपिअरला १.२ वॉट झाले. हा ट्रान्झिस्टर मोकळ्या हवेत, २५ अंशांना, अर्ध्या वॉटच्या आसपासचा. एलटीस्पाइसमध्ये ऑल्ट दाबून ट्रान्झिस्टरवर क्लिक केलंत की वॉटचा आलेख दिसतो. प्रत्येक सर्किटला हे करा, अगदी बिनमहत्त्वाच्या वाटणाऱ्या ट्रान्झिस्टरलाही.

प्रश्न : टीआयपी३१ तर ४० वॉटचा. माझ्या लिनिअर रेग्युलेटरमध्ये २४चे १२ व्होल्ट होतात, करंट १ अँपिअर, म्हणजे १२ वॉटच. हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा तुकडा) लागेल?

लागेलच, आणि चांगला मोठा. ४० वॉट हा आकडा ट्रान्झिस्टरची केस, म्हणजे बाहेरचं आवरण, २५ अंशांवर धरून ठेवली तरचा आहे. उत्पादकाच्या त्याच माहितीपत्रकात (डेटाशीटमध्ये) मोकळ्या हवेसाठी २ वॉट दिलेले असतात, पण नजर आधी मोठ्या आकड्यावर जाते. मला हा घोळ सर्वांत जास्त भेटतो.

जंक्शनपासून (ट्रान्झिस्टरच्या आतल्या, तापणाऱ्या चिपपासून) हवेपर्यंतचा उष्णतारोध वॉटमागे ६२.५ अंश. १२ वॉटला वाढ ७५० अंशांची! कमाल मर्यादा १५० अंश आहे, म्हणजे तिथवर पोचण्याच्या खूप आधीच तो मेलेला असेल.

आता उलटं गणित. पेटीतली हवा ४० अंश धरू, जंक्शन १२५च्या वर जाऊ द्यायचं नाही. उरले ८५ अंश; भागिले १२, म्हणजे वॉटमागे सुमारे ७.१. जंक्शन ते केस ३.१ गेले, अभ्रकाची चकती आणि पेस्ट मिळून १ धरा. हीटसिंकसाठी राहिले वॉटमागे ३ अंश. यापेक्षा मोठ्या आकड्याचा हीटसिंक घेऊ नका.

प्रश्न : स्विचिंगच्या क्षणी ६० वॉटचा सुळका दिसतो. काळजी करावी का?

सुळका मायक्रोसेकंदाचा असेल तर सरासरी पाहा. आलेखाच्या नावावर कंट्रोल दाबून क्लिक केलं की ती मिळते. मात्र व्होल्टेज आणि करंट यांची जोडी डेटाशीटमधल्या सुरक्षित क्षेत्राच्या आलेखात, तेवढ्याच कालावधीच्या रेषेच्या आत बसली पाहिजे.

प्रश्न : टेम्प १०० ही आज्ञा दिली की ट्रान्झिस्टरचं स्वतःचं तापणं मोजलं जातं ना?

नाही. तिनं सगळेच भाग १०० अंशांवर नेऊन बसवले जातात. आपल्याच उष्णतेनं एखादा ट्रान्झिस्टर तापतोय, हे त्यात येत नाही. अँप्लिफायरच्या आउटपुटला धोका नेमका तिथेच असतो: अंशामागे बेस-एमिटर व्होल्टेज सुमारे २ मिलिव्होल्टनं उतरतं. बायस (बेसला कायम दिलेलं व्होल्टेज) तसाच राहिला आणि एमिटरला रोध नसला, तर ३० अंशांच्या वाढीला करंट आठ-दहापट होतो, त्यानं उष्णता वाढते, आणि पुन्हा करंट.

हे पाहायला शेजारी उष्णतेचं सर्किट काढा. वॉटच्या जागी अँपिअर, अंशाच्या जागी व्होल्ट. ट्रान्झिस्टरच्या वॉटइतका करंट देणारा सोर्स, पुढे केस आणि हीटसिंकचे रोध, हीटसिंकच्या वस्तुमानासाठी कपॅसिटर, आणि हवेसाठी ४० व्होल्टचा सोर्स. मग बेसला मालिकेत असा सोर्स लावा, जो २७च्या वरच्या प्रत्येक अंशामागे २ मिलिव्होल्ट भर घालेल. तापमानाची रेषा सपाट होते की चढतच जाते ते बघा, आणि एमिटरमध्ये ०.२२ ओहम घालून पुन्हा चालवा.