सिस्टम ऑफ अ डाउन या अमेरिकन मेटल (जड, कर्कश रॉक) बँडचा 'टॉक्सिसिटी' हा अल्बम खूप नावाजलेला आहे, पण मला नुसता आरडाओरडा वाटतो. तो ऐकायचा तरी कसा?

शेवटाकडून ऐका. चौदावं गाणं 'एरियल्स' आधी लावा आणि ते संपलंसं वाटलं तरी बंद करू नका. ट्रॅकची लांबी सहा मिनिटांच्या वर दिसते, पण गाणं चार मिनिटांच्या आतच आटोपतं. उरलेल्या भागात मेटलची गिटार नाही. हातानं धरलेला ठेका आणि त्यावर आलापासारखे सूर, एवढंच. यादीत याचं नाव नसतं. चाहते त्याला 'आर्तो' म्हणतात, कारण त्यात इस्तंबूलकडचे आर्मेनियन तालवादक आर्तो तुंचबोयाजियान आहेत. आणि चाल आहे आर्मेनियन चर्चमधल्या जुन्या प्रार्थनेची, 'प्रभो, दया कर' अशा अर्थाची.

ही दोन मिनिटं ऐकलीत की मग पहिल्या गाण्यावर या. तुम्हाला जो आरडाओरडा वाटतो, त्याच्या तळाशी काय आहे ते आधी कानात बसलेलं असेल.

मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातला. आमच्याकडे चवथीला घुमट आरती होते. ज्यांनी ती ऐकली नाही त्यांना सांगतो: शब्द आपल्या नेहमीच्या मराठी आरत्यांचे, पण घुमट (मातीच्या घटाचं वाद्य), शामेळ (काठ्यांनी वाजवायचा ढोल) आणि कासाळें (झांजा) यांचा आवाज असा की माटोळीला, म्हणजे गणपतीवरच्या मांडवीला, बांधलेली फळंसुद्धा हलताहेत असं वाटतं. एक ओळ संथ म्हणायची, सगळ्यांनी श्वास घ्यायचा, आणि मग शामेळवाला हात सोडतो. लहानपणी मी त्या काकांच्या अगदी शेजारी बसायचो. वाजवताना त्यांच्या मानेच्या शिरा ताणलेल्या असायच्या आणि डोळे मिटलेले. त्या गदारोळाला कोणी कधी आरडाओरडा म्हटलं नाही, कारण तो कशासाठी चाललाय हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. 'टॉक्सिसिटी' मला पहिल्याच वेळी आपला वाटला तो या कानांमुळे. शीर्षकगीत ऐकताना मांडीवर सहा मात्रा मोजून बघा, दादऱ्यासारखी. आधी एकटी गिटार, स्वच्छ आवाजात. मग जॉन डॉलमायनचे ड्रम्स सगळं उचलून घेतात.

हा त्यांचा दुसरा अल्बम. पहिला 1998 मधला, बँडच्याच नावाचा, जास्त खडबडीत. चौघेही आर्मेनियन वंशाचे: गायक सर्ज टांकियन आणि डॉलमायन बैरुतमध्ये जन्मलेले, बेसवादक शावो ओदाजियन येरेवानमध्ये, गिटारवादक डॅरन मलाकियन हॉलिवूडमध्ये. 1915 पासून ऑटोमन साम्राज्यात आर्मेनियनांचा जो संहार झाला, त्यातून वाचलेल्यांची ही नातवंडं. टांकियनच्या आजोबांनी तो काळ स्वतः भोगला होता. त्यांच्या रागाला घरचा पत्ता आहे, हे लक्षात ठेवून ऐका.

'चॉप सुई' तुम्ही ऐकलं असेलच. त्याचं आधीचं नाव आत्महत्येवरून होतं, ते बदललं. रेकॉर्डिंगच्या अगदी सुरुवातीला तो जुना शब्द पुटपुटलेला अजून ऐकू येतो. मी हे गाणं एकदा मोठ्यानं लावलं होतं. शेजारच्या टीचर, चर्चच्या कॉयरमध्ये व्हायोलिन वाजवणाऱ्या, खिडकीशी थांबल्या. मला वाटलं, आवाज कमी करायला सांगणार. त्या म्हणाल्या, "अरे, हीं तर गुड फ्रायडेचीं उतरां!" उतरां म्हणजे कोंकणीत शब्द. खरंच होतं. 'बापा, मी माझा आत्मा तुझ्या हाती सोपवतो' आणि 'तू माझा त्याग का केलास', क्रुसावरच्या येशूच्या तोंडची ही वाक्यं गाण्याच्या शेवटच्या भागात आहेत. निर्माता रिक रुबिन सांगतो की टांकियनला त्या जागी शब्द सुचत नव्हते, तेव्हा घरातल्या कपाटातलं कुठलंही पुस्तक काढ आणि उघड असं त्यानं सुचवलं. टीचरना मी मग 'आर्तो'ही ऐकवलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण पुन्हा लाव म्हणाल्या.

अल्बम 4 सप्टेंबर 2001 ला आला आणि अमेरिकेत थेट पहिल्या क्रमांकावर गेला. त्याच सुमारास 11 सप्टेंबर उजाडला. तिथल्या एका मोठ्या रेडिओ कंपनीनं आपल्या केंद्रांना 'सध्या जपून' म्हणून गाण्यांची यादी पाठवली, त्यात 'चॉप सुई' होतं. टांकियननं दोनच दिवसांत अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणावर निबंध लिहिला, तो बँडच्या वेबसाइटवरून काढावा लागला. ज्या गाण्यात शोक करायला शब्द होते तेच नेमकं नको म्हणणं, याचं मला आजही वाईट वाटतं.

तुम्ही गिटार वाजवत असाल तर अजून एक. सगळ्या तारा एक स्वर खाली आणा आणि सर्वांत जाड तार आणखी एक स्वर उतरवून 'सी'वर ठेवा. साध्या तारा ढिल्या पडून फ्रेटवर खरखरतात, म्हणून जाड संच घ्या. मग 'एरियल्स'ची सुरुवातीची ओळ सावकाश वाजवा, अ‍ॅम्प न लावता. मी तेच केलं होतं, पावसाळ्यात, वीज गेलेली असताना. ती ओळ उघडी ऐकली की तिच्यात आणि शेवटच्या प्रार्थनेत फार अंतर उरत नाही.

'बाउन्स' मला अजूनही फारसं आवडत नाही, ते सोडलंत तरी चालेल. 'प्रिझन साँग' मात्र सोडू नका. त्यात कैद्यांची आकडेवारी गायलेली आहे, तिथे गाण्याचे शब्द समोर ठेवा.