जुन्या कॅम्पर व्हॅनचा गंज : आधी पाणी कुठून येतंय ते शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : पंचवीस वर्षं जुनी व्हॅन घेतली आहे, सरकत्या दाराच्या उंबऱ्याखाली रंगाला फोड आलेत, मागच्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून तपकिरी ओघळ उतरलाय आणि सहलीला सहा आठवडे उरलेत. रस्ट कन्व्हर्टर (गंजावर लावायचं रसायन) लावून वरून काळं अंडरकोटिंग, म्हणजे गाडीच्या खालच्या बाजूला द्यायचा जाड थर, मारलं तर चालेल का?

अंडरकोटिंग नको. निदान आत्ता तरी अजिबात नको.

माझी पहिली व्हॅन मी अगदी अशीच 'वाचवली' होती. फोड घासले, पुट्टी भरली, रंगाचा स्प्रे मारला आणि खालून डांबरी अंडरकोटिंगचे दोन हात दिले. गाडी नव्यासारखी दिसत होती, चार लोकांनी कौतुकही केलं. दोन पावसाळ्यांनंतर चाक बदलायला जॅक लावला, तर जॅक वर गेला आणि गाडी होती तिथेच राहिली. उंबऱ्याच्या आत पत्रा उरलाच नव्हता. काळा थर आणि पुट्टी यांनीच आकार धरून ठेवला होता.

झालं होतं ते असं. डांबरी थर काही वर्षांत सुकतो, कडक होतो आणि त्याला बारीक भेगा पडतात. भेगेतून पाणी आत शिरतं, पण बाहेर पडायला त्याला वाट नसते. वरून सगळं गुळगुळीत काळं दिसत असल्यामुळे आपण तिकडे बघतही नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो रंगाला आतून उचलतो. बाहेर फोड दिसला, की त्यामागचं काम बरंच आधी सुरू झालेलं असतं, आणि पोकळ भागांत ते बहुतेक वेळा आतल्या बाजूनेच सुरू होतं. फोडाच्या बाहेरून तुम्ही काय लावता याने आतल्या पाण्याला काही फरक पडत नाही.

म्हणून पहिला शनिवार-रविवार ग्राइंडरला हात लावू नका. पाणी शोधा.

कॅम्परमध्ये पाणी दोन वाटांनी येतं, आणि दुसरी वाट लोक हमखास विसरतात. पहिली म्हणजे गळती : खिडक्यांची रबरं, छतावरची झडप, कॅरियरचे बोल्ट, पुढच्या काचेची कड. जोडीदाराला आत टॉर्च घेऊन बसवा आणि बाहेरून पाइपने पाणी सोडा, पण खालून वर या. आधी खिडकीची खालची कड, मग बाजू, मग वरची कड, शेवटी छत. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि शिरलं कुठून ते कळतच नाही. आत कडेकडेने टिश्यू पेपर चिकटवून ठेवले तर पहिला थेंब लगेच दिसतो. आतली प्लायवूडची पॅनेलं काढल्याशिवाय मात्र ही परीक्षा करूच नका. मागच्या खिडकीखालचं पॅनेल आधी काढा.

दुसरी वाट म्हणजे तुम्ही स्वतः. दोन माणसं रात्रभर बंद व्हॅनमध्ये झोपली, की त्यांच्या श्वासातली वाफ गार पत्र्यावर जाऊन थेंब होते. त्यात गॅसची शेगडी. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे 1.6 किलो पाणी वाफेच्या रूपात आत येतं. पॅनेलमागे काचलोकर भरलेली असेल तर ती हे पाणी स्पंजासारखी पत्र्याला धरून ठेवते. गळती एक थेंब नसताना आतून गंजलेल्या व्हॅन मी पाहिल्या आहेत. त्यामुळे लोकर ओली निघाली तर फेकून द्या, वाळवून परत घालू नका. तिच्या जागी बंद पेशींचा, म्हणजे पाणी न शोषणारा फोम पत्र्याला पूर्ण चिकटवून लावा. स्वयंपाक करताना आणि झोपताना वरची झडप आणि खालची एखादी फट उघडी ठेवा, थंडी वाजली तरी.

पाण्याची वाट सापडली, की गंज किती खोल आहे ते बघा. एक बोथट पेचकस घ्या आणि त्याची मूठ फोडांच्या आजूबाजूला आपटत जा. टणटण आवाज आला तर पत्रा आहे, भदभद आवाज आला तर नाही. शंका आली तिथे टोक दाबा. जीव खालीवर होतो, पण जिथे पेचकस आरपार जातो तिथे भोक तुम्ही पाडत नाही, ते आधीपासूनच असतं. पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबकही फिरवा; ते जिथे धरत नाही तिथे आधीच्या मालकाची पुट्टी आहे. जुन्या गाड्यांत अशा ठिकाणी पुट्टीखाली वर्तमानपत्रसुद्धा निघतं, दचकू नका.

आता तुमच्या रस्ट कन्व्हर्टरबद्दल. ती काही जादू नाही आणि फसवणूकही नाही. त्यातलं फॉस्फोरिक आम्ल गंजाचं लोहफॉस्फेट करतं. टॅनिक आम्लाचं असेल तर गंज निळसर काळा पडतो. पण हे पातळ, घट्ट चिकटलेल्या गंजावरच होतं. पापुद्रे सुटलेल्या गंजावर ओतलं तर वरचा थर काळा होतो आणि खालचा तसाच राहतो. उलट स्वच्छ चकचकीत पत्र्यावर त्याला करण्यासारखं फारसं काही नसतं. मी ते फक्त खड्ड्यांसाठी वापरतो, म्हणजे घासूनही तळाशी जे काळे ठिपके उरतात त्यांच्यासाठी. फॉस्फोरिकवालं असेल तर डब्यावरच्या सूचनेप्रमाणे उरलेलं आम्ल धुऊन पत्रा पूर्ण कोरडा करा; आम्ल राहिलं तर वरून लावायचा इपॉक्सी प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) नीट धरत नाही आणि दोष इपॉक्सीला जातो.

घासण्याच्या बाबतीत माझं मत ठाम आहे : वायर ब्रशच्या चाकावर विश्वास ठेवू नका. ते गंजाला पॉलिश करतं. चकाकी येते, पण खड्ड्यातला गंज जागचा हलत नाही. नायलॉनची जाळीदार चकती रंग आणि वरचा गंज छान काढते आणि पत्रा कमी खाते. त्यानंतर 80 नंबरच्या पॉलिश पेपरने पत्र्यावर ओरखडे आणा, प्रायमरला धरायला काहीतरी हवं. गंजाच्या डागापाशी थांबू नका. चारी बाजूंनी निरोगी रंग लागेपर्यंत, आणि त्याच्याही पुढे दोन बोटं घासत जा. रंगाखाली गंज कोळ्याच्या पायांसारखा पसरलेला असतो.

मग त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर, दोन भागांचा. पत्रा उघडा ठेवून रात्र जाऊ देऊ नका; सकाळी हात फिरवला की तपकिरी पावडर लागते. साधा ग्रे प्रायमर सच्छिद्र असतो, तो पाणी अडवत नाही. पुट्टी लागलीच तर ती इपॉक्सीच्या वर, उघड्या पत्र्यावर कधीच नाही, कारण पॉलिएस्टर पुट्टीही ओलावा शोषते. जिथे दोन पत्रे एकमेकांवर येतात तिथे प्रायमरनंतर सीम सीलर (सांधे बुजवणारी पेस्ट), मग रंग. इपॉक्सी उन्हात खडूसारखा होतो, म्हणून वरून रंग हवाच. आणि सीलिंगसाठी व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकोन कुठेही वापरू नका. त्यातून सुटणारं आम्ल पत्र्याला गंजवतं, शिवाय सिलिकोनवर पुढे कधीच रंग बसत नाही. पॉलियुरेथेन किंवा एमएस पॉलिमरचा सीलंट घ्या.

खिडकीच्या ओघळासाठी काच काढावीच लागेल. रबराच्या कडेने सीलंटची रेघ ओढणारे बरेच भेटतील. ती रेघ पाणी आतच कोंडते. काच आणि रबर काढा, पत्र्याची ओठासारखी कड पूर्ण स्वच्छ करा, वरची सगळी प्रक्रिया करा आणि नवं रबर बसवा. जुनं रबर कोपऱ्यात आखडलेलं असतं, तेच परत बसवलं तर सगळी मेहनत पाण्यात.

उंबऱ्यात पेचकस आरपार गेला तर पुट्टी, फायबर, ॲल्युमिनियमची पट्टी यांतलं काहीही नको. उंबरा, चॅसीचे दांडे, सस्पेन्शनच्या आणि सीटबेल्टच्या जागा गाडीचा भार पेलतात. तिथे गंजका पत्रा कापून नवा वेल्ड करायचा, आणि तेही हे काम येणाऱ्याकडून. त्याच्याकडे नेण्याआधी गॅसची टाकी उतरवा, बॅटरी सोडवा, आणि त्या भागातला फोम, प्लायवूड, पडदे काढा. वेल्डिंगने पेटलेल्या कॅम्परची सुरुवात बहुधा पॅनेलमागे, कुणाला दिसत नाही तिथे होते. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने पत्रा पुसून वेल्डिंग करू देऊ नका, उष्णतेने त्यातून विषारी फॉस्जीन तयार होतो.

वेल्डिंग आणि रंग संपल्यावरच पोकळ्यांत मेण. माझ्या मते संपूर्ण कामातला सगळ्यात मोलाचा तास हाच, आणि लोक नेमका हाच टाळतात कारण तो दिसत नाही. लांब नळीच्या टोकाला चहूकडे फवारणारं नोझल असतं. नळी उंबऱ्यात शेवटपर्यंत घाला, दाबा आणि सावकाश मागे ओढा. आतून कोरडं असताना, गरम दिवशी करा. मेण पातळ होऊन सांध्यांत शिरतं. खालच्या निचऱ्याच्या भोकांतून ते ठिबकायला लागलं म्हणजे पोहोचलं. दुसऱ्या दिवशी ती भोकं तारेने मोकळी करा. त्या पोकळ्यांत स्प्रे फोम भरायचा सल्ला मिळाला तर हसून सोडून द्या. द्रावकाची वाफ जाईपर्यंत काही दिवस व्हॅनमध्ये झोपू नका, शेगडीही पेटवू नका.

खालच्या बाजूलाही मऊ राहणारं मेण किंवा लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतली चरबी) मारा, दर वर्षी बघून दुरुस्त करता येतं. ब्रेकच्या चकत्या आणि सायलेन्सर झाकून घ्या. आणि व्हॅनच्या तळाला गॅस बाहेर जाण्यासाठी ठेवलेली भोकं चुकूनही बुजवू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तिथूनच बाहेर पडतो.

सहा आठवड्यांचं म्हणाल तर खिडकी आणि उंबऱ्याचं मेण आरामात होईल, उंबरा शाबूत निघाला तर. नाही निघाला तर वेल्डिंग होईपर्यंत सहल पुढे ढकला. छतावर नवा कॅरियर बसवायचा विचार असेल, तर तो आत्ता बसवूच नका. छताला पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे उघडी कड, आणि ड्रिलचा कीस रंगावर पडला की दोन दिवसांत त्याचे तपकिरी ठिपके उमटतात. आणि गेलात, तर खिडकीखालचं प्लायवूड या सहलीत परत बसवू नका. पहिल्या पावसानंतर तिथे हात फिरवता आला पाहिजे.