पाइप दिसला की उधळणाऱ्या घोडीला आंघोळ कशी घालावी?

तुम्ही लिहिलंय की सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून आणलेली घोडी खरारा (ब्रशने अंग घासणं) निवांत करून घेते, पण पाइप सुरू केला की उधळते आणि दोघांनी धरूनही आवरत नाही. अशा वेळी चूक बहुतेकदा पाणी थांबवण्याच्या वेळेत असते. घोडी उडाली की माणूस दचकून पाइप बाजूला करतो. तिच्या हिशेबी उडी मारली म्हणून पाणी गेलं. दोन-तीन आंघोळींत हे तिच्या डोक्यात पक्कं बसतं. आता तेच उलटं शिकवायचं आहे: स्थिर उभं राहिलं की पाणी जातं.

म्हणून पहिले चार-पाच दिवस आंघोळ विसरा, रोज दहा मिनिटं फक्त पाण्याची ओळख. पाइपला फवाऱ्याचं तोंड लावू नका, त्याचा फिस्स आवाजच अर्ध्या भीतीचं कारण असतो. बारीक धार आधी जमिनीवर सोडा, मग पुढच्या एका खुरावर. ती पाय उचलेल, आपटेल, एखादं पाऊल सरकेल. धार त्याच खुरावर राहू द्या. वर नेऊ नका, काढूही नका. पाय टेकून क्षणभर थांबली की त्याच क्षणी धार बाजूला. असं आठ-दहा वेळा झालं की गुडघ्यापर्यंत, मग खांद्यापर्यंत. मागचा पाय आला की ढुंगणामागे उभं न राहता तिच्या कुशीशी उभं राहून धार मागे न्या. ती मागच्या पायांवर उभी राहिली, तर तुम्ही घाई केली आहे. दुसऱ्या दिवशी एक पायरी खालून सुरू करा. आणि डाव्या बाजूला जमलं म्हणजे उजव्या बाजूला जमलंच असं नाही. तिकडे पुन्हा खुरापासून.

धरण्याबद्दल: आगाडी-पिछाडी, म्हणजे पुढचे-मागचे पाय बांधायचे दोर, लावून पाणी मारू नका. पाय बांधलेला घोडा ओल्या फरशीवर उडाला की पडतोच, आणि पडला की पाय जातो. म्होरकी (तोंडावरचा दोरीचा किंवा पट्ट्याचा साज) घालून लांब दोरी एका माणसाच्या हातात द्या. दोरी हाताला गुंडाळायची नाही. धरणारा आणि धुणारा नेहमी एकाच बाजूला हवेत. घोडी बिथरली तर धरणारा तिचं तोंड आपल्याकडे ओढतो, मग मागचे पाय आपोआप पलीकडे जातात. दोघे दोन बाजूंना असले की एकाचा नंबर लागतोच. पायात चप्पल नको, बंद बूट घाला. जागा खडबडीत असावी. नाल मारलेल्या घोड्याला गुळगुळीत कोबा म्हणजे काचच.

एक गोष्ट बहुतेक जण तपासत नाहीत. पाणी मोटरवरून थेट येत असेल तर अर्थिंग बघून घ्या. माणसाला जाणवणारही नाही इतका करंट ओल्या जमिनीवर, लोखंडी नाल असलेल्या घोड्याला झटका देऊ शकतो. घोडी एकाच जागी, पाणी लागण्याआधीच उडत असेल तर हा संशय घ्याच. खात्री होईपर्यंत बादलीने भागवा.

खरी आंघोळ सोपी आहे. आधी कोरडा खरारा, नाहीतर धूळ-घामाचा चिखल कातडीवर बसतो. मग पायांकडून वर, पाठ शेवटी. पाइप नसला तर तीन-चार बादल्या पुरतात. शाम्पू घोड्याचाच घ्या: आठ-दहा लिटर पाण्यात दोन-तीन चमचे, तोही महिन्यातून एक-दोनदा. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण अजिबात नको, कातडी कोरडी पडून खाज सुटते. फेस आयाळीखाली, शेपटीच्या बुडाशी आणि मागच्या मांड्यांमध्ये अडकून राहतो. घोडा शेपूट घासघासून केस उडवतो, त्याचं हेही एक कारण असतं. निथळणारं पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. तोंडावर पाइप नाही, ओला स्पंज पिळून फिरवा. कानात पाणी गेलं की पुढच्या वेळी डोक्याला हात लावू देणार नाही.

तापलेल्या घोड्यावर गार पाणी टाकलं की तो आखडतो, असं अजून सांगितलं जातं. ते खरं नाही. उन्हात पळवून आणलेल्या घोड्यावर भरपूर गार पाणी टाकत राहणं हाच थंड करण्याचा चांगला उपाय आहे. वर ओलं पोतं मात्र टाकू नका, आतली उष्णता कोंडते. गुदद्वारातलं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर आणि धाप थांबत नसेल, तर पाणी चालू ठेवूनच डॉक्टरांना फोन करा. निरोगी घोड्याचं ३७.५ ते ३८.५ असतं.

थंडीचं गणित वेगळं. सारंगखेड्याचा बाजार मार्गशीर्षात भरतो, तेव्हा घोडी घेतली म्हणजे अंगावर हिवाळ्याचे दाट केस असणार. पहाटे भिजवलेलं अंग दुपारपर्यंत ओलं राहतं आणि केसांची ऊब जाते. तेव्हा दुपारच्या उन्हात, फक्त पाय आणि डागाळलेला भाग धुवा. बाकी ओल्या फडक्याने पुसा.

धुतल्यावर पट्टीने किंवा तळव्याच्या कडेने पाणी निपटा, पाय फडक्याने टिपा. खुराच्या मागे, टाचेवरच्या खळगीत ओल राहिली की खपल्या धरतात; पावसाळ्यात तर हमखास. त्याच कारणाने रोज आंघोळ नको: खूर भिजून-वाळून नरम पडतात आणि नालाचे खिळे ढिले होतात. मग पंधरा मिनिटं फिरवा. ओल्या अंगावर खोगीर किंवा तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळला तर कातडी सोलून जखम झालीच समजा. सोडल्यावर ती थेट मातीत लोळेल, त्यावर चिडू नका.