नवी मारवाडी घोडी 40 किलोमीटरच्या दौडीसाठी किती दिवसांत तयार होईल? पळवून आणल्यावर तासभर पाणी देऊ नये म्हणतात, ते खरं का?

भाऊ, पाण्याचं आधी सांगतो. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात यावरून नेहमी जुंपते. तासभर पाणी तोडणं साफ चूक आहे.

आपल्याकडच्या उन्हात तासभर दुडकी झाली की घोड्याच्या अंगातून 10 लिटरपर्यंत घाम जाऊ शकतो, आणि तो रक्तापेक्षा खारट असतो. पाण्यासोबत मीठही गेल्याने रक्ताचा खारटपणा वाढत नाही, मग तहानही नीट लागत नाही. तासाभराने बादली ठेवली की घोडी नुसती हुंगते आणि तोंड फिरवते. लोक म्हणतात, बघा, तिला नकोच होतं! खांद्याजवळची कातडी चिमटीत धरून सोडा. चुणी लगेच बसली नाही तर पाणी कमी पडलंय. थांबल्याबरोबर पाजा, वाटेतही पाजा. चंदीत, म्हणजे दाण्याच्या खुराकात, रोज 30 ते 50 ग्रॅम साधं मीठ घाला.

‘तापलेल्या अंगावर गार पाणी ओतलं की पाय आखडतात’ हेही खोटं. 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकआधी उन्हात तापलेल्या घोड्यांवर यासाठीच अभ्यास झाले. बर्फाच्या पाण्यानेही इजा झाली नाही. मान, छाती, मांड्या, सगळीकडे ओतत राहा. ओली गोणी पाठीवर टाकून ठेवू नका, तिच्याखाली उष्णता कोंडते. थांबायचं असेल तर ते चंदीसाठी. दमलेल्या जनावरापुढे लगेच हरभऱ्याचा तोबरा बांधाल तर पोटशूळ ओढवून घ्याल. आधी कडबा, चंदी तासा-दीड तासाने.

आता तयारी. दिवस नाही, महिने मोजा. घोडी पाच वर्षांच्या पुढची असेल तर चार महिने धरा. दम लवकर येतो. पायाच्या कंडरा (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या) आणि हाडं मागून तयार होतात. म्हणून तिसऱ्या महिन्यात घोडी स्वतःच पळायला मागते आणि तिथेच लंगडते. आठवड्यातून चारच दिवस काम, त्यात एक लांब फेरी. सुरुवात 8 किलोमीटर, त्यातली निम्मी न पळवता, नुसत्या चालीने. पुढे आठवड्याला दहा टक्के वाढ. अंतर वाढवलं त्या आठवड्यात वेग वाढवायचा नाही. मुरुमाची वाट धरा, डांबर टाळा. दौडीला ताशी 12-14 किलोमीटरची दुडकी पुरे. रेवाल चालीला (मारवाडी घोड्याची न हिंदकळणारी उपजत चाल) बाजारात भाव मिळतो, दौडीत डॉक्टर नाडी आणि लंगड बघतात.

नाडी डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप लावून 15 सेकंद मोजा, चौपट करा. थांबल्यावर पंधरा मिनिटांत 64 च्या खाली आली पाहिजे. नाही आली तर पुढची फेरी कमी करा.

हे सगळं धडधाकट घोडीसाठी. फेरीनंतर पुठ्ठे (मागच्या भागाचे स्नायू) दगडासारखे झाले, लघवी काळपट आली, तर ‘जरा फिरवून मोकळी करू’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. आहे तिथेच उभी ठेवा, पाणी द्या, डॉक्टरांना तिथेच बोलवा.