प्रकाशयोजनेच्या गणितासाठी आयईएस फाइल वापरावी की एलडीटी?

दिवा कोणत्या दिशेला किती प्रकाश टाकतो याची मोजलेली आकडेवारी आयईएस आणि एलडीटी या दोन स्वरूपांच्या फाइलींत असते. आपला प्रश्न असा की पुरवठादार एकाच स्वरूपातली फाइल देत असेल, तर ती रूपांतरित करून वापरावी का. माझे उत्तर स्पष्ट आहे: प्रयोगशाळेच्या मोजणीतून जी फाइल निघाली तीच वापरावी, मग ती आयईएस असो वा एलडीटी. रूपांतरित फाइलवर विसंबू नये.

दोन्ही साध्या मजकुराच्या फाइली आहेत, त्यामुळे त्या सहज बदलता येतील असे वाटते. परंतु आयईएस फाइलचे १९८६ मध्ये प्रथम आलेले एलएम-६३ मानक कँडेलाची मूल्ये, म्हणजे त्या त्या दिशेतील प्रकाशाची तीव्रता, थेट मांडते, तर १९९० मध्ये पुढे आलेले युलुमडॅट, म्हणजेच एलडीटी, ती दर १००० लुमेनमागे मांडते (लुमेन हे एकूण प्रकाशाचे माप). लांबट दिव्यासाठी आयईएसमधील शून्य अंशाचे प्रतल (ज्यात मोजणी होते तो उभा छेद) दिव्याच्या लांबीच्या दिशेने असते, तर एलडीटीचे सी-शून्य प्रतल त्याला काटकोनात असते.

हा काटकोन मी एका ग्रंथालयाच्या कामात अनुभवला. कपाटांमधल्या अरुंद वाटांवर, वाटेच्या दिशेने लांबट दिवे लावायचे होते आणि ते दोन्ही बाजूंच्या कपाटांवर प्रकाश फेकणारे होते. पुरवठादाराने एलडीटीवरून तयार केलेली आयईएस फाइल पाठवली आणि गणितात खालचे कप्पे अंधारात राहू लागले. आमच्या प्रकल्पप्रमुखांनी दिवाच कुचकामी ठरवून आणखी एक रांग वाढवण्याचे ठरवले. मी फाइल उघडून आकडे वाचले, तेव्हा दिव्याच्या छापील आलेखात लांबीला काटकोनातल्या प्रतलात दाखवलेली रुंद पसरण फाइलमध्ये लांबीच्या प्रतलात नोंदलेली आढळली. प्रमुखांचे म्हणणे असे की एकूण लुमेन जुळतात, जमिनीवरचा सरासरी लक्सही (दर चौरस मीटरवर पडणारा प्रकाश) जवळपास तेवढाच येतो, म्हणून फाइल बरोबर आहे. हा युक्तिवाद मला आजही अमान्य आहे, कारण एकूण लुमेन ही सर्व दिशांची बेरीज असते आणि दिव्याचे वितरण नव्वद अंशांनी फिरवले तरी ती बेरीज बदलत नाही. मूळ एलडीटी मिळवून गणित पुन्हा केल्यावर खालच्या कप्प्यांपर्यंत प्रकाश पोहोचला आणि जादा रांग रद्द झाली. तरीही प्रमुखांनी शेवटपर्यंत दोष सॉफ्टवेअरलाच दिला.

एलईडी दिव्यांत आणखी एक जागा सांभाळावी लागते. निरपेक्ष मोजणी (एलईडी वेगळा न मोजता संपूर्ण दिव्याची थेट मोजणी) असेल तर आयईएसमध्ये लुमेनच्या जागी उणे १ लिहितात, तर एलडीटीत दिव्यांची संख्या ऋण लिहितात. ही खूण न ओळखणारे रूपांतरक उणे १ ला खरे लुमेन समजून सर्व तीव्रता निरर्थक करून टाकतात.

अर्थात, उभ्या अक्षाभोवती सममित असलेल्या गोल दिव्याला प्रतल फिरल्याने काहीच फरक पडत नाही. तसेच आपल्याला वर्णपटाची (प्रकाशात कोणते रंग किती आहेत याची) माहितीही हवी असेल, तर ती या दोन्ही स्वरूपांत मिळणार नाही. त्यासाठी २०१८ मध्ये प्रथम आलेले, एक्सएमएलवर आधारित टीएम-३३ हे स्वरूप पाहावे.

रूपांतर टाळता येतच नसेल, तर शून्य आणि नव्वद अंशांच्या प्रतलांतील, साधारण साठ अंशांच्या उभ्या कोनावरची मूल्ये छापील आलेखाशी स्वतः ताडून पाहावीत. केवळ लुमेन जुळले म्हणून कोणी फाइल मान्य करायला सांगितले, तर मोजणीचा अहवाल मागावा आणि तो मिळेपर्यंत दिव्यांची संख्या ठरवू नये.